क्षम्य सुरकुत्या

सोसायटीच्या वार्षिक सभेच्या पत्रिकेत अगदी शेवटी 'आयत्या वेळचे विषय' अशी एक ओळ असते. माणसाच्या आयुष्यातली निम्मी संकटं या ओळीतूनच आत शिरतात. तोलकाकांचं संकटही तिथूनच आलं, आणि ते येत होतं तेव्हा काका चहात पडलेल्या बिस्किटाच्या तुकड्याचा विचार करत होते.

काका वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. हयातभर दुकानादुकानांतून फिरून त्यांनी पारड्याखाली चिकटवलेलं मेण शोधून काढलं. घरात साखर आली तरी ती एकदा हातावर तोलून बघितल्याशिवाय डब्यात पडत नसे. तेव्हा 'तोलकाका' हे नाव त्यांना कुणी ठेवलं नाही, ते आपोआप चिकटलं. निवृत्तीनंतर मुलीने त्यांना चांगल्यापैकी कॅमेरा घेऊन दिला. काकांनी पहिल्या वर्षात कावळे, पाण्याची टाकी आणि सूर्यास्त असे तिन्ही विषय संपवले आणि चौथ्याच्या शोधात होते.

तो चौथा विषय अध्यक्षांनी आणला. पहारेकरी पुरवणारी कंपनी दर महिन्याला नवा माणूस पाठवायची आणि नवा माणूस कुणालाच ओळखायचा नाही. मागच्याच आठवड्यात खुद्द अध्यक्षांना दारात अडवून "कोणाकडे जायचंय?" असं विचारण्यात आलं होतं. "माझ्याकडेच," असं ते म्हणाले, तर आधी फोन करून विचारून घेतो, असं उत्तर मिळालं. फोन लागला. तो अध्यक्षांच्याच खिशात वाजला. तेव्हा लिफ्टशेजारी एक फलक लावावा आणि त्यावर प्रत्येक रहिवाशाचा फोटो असावा, असा ठराव त्यांनी दुखऱ्या आवाजात मांडला.

"बाहेरचा फोटोग्राफर बोलवायचा म्हणजे दर मागवण्यातच वर्ष जाईल," सचिवबाई म्हणाल्या. त्या एका शाळेत पर्यवेक्षिका होत्या. सभेत बोलायच्या आधी हात वर करायची पद्धत त्यांच्याच काळात सुरू झाली होती. "आपल्याकडे काका आहेत की."

सगळ्या माना वळल्या. काकांनी कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि उभे राहिले. बसूनही बोलता आलं असतं, पण प्रसंग तसा नव्हता.

"काढतो. पण एका अटीवर. माणूस आहे तसा येईल. माझ्या हातून खोटं माप होणार नाही."

टाळ्या पडल्या. पुढे ज्यांनी ज्यांनी काकांना जगणं नको केलं, ते सगळे या टाळ्यांत होते.

काकांच्या दिवाणखान्यात खिडकीशेजारी स्टूल मांडलं गेलं, मागे पांढरी चादर टांगली, आणि काकू थर्माकोलचा मोठा तुकडा धरून उभ्या राहिल्या. चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला उजेड परतवायचं काम त्यांच्याकडे होतं. "हात भरून आले," असं त्या दर अर्ध्या तासाने म्हणत, आणि काका दर अर्ध्या तासाने "झालंच" म्हणत.

रोज घरी उठणारा-बसणारा माणूस कॅमेऱ्यासमोर बसला की कुणीतरी तिसराच होतो, हे काकांना त्या आठवड्यात कळलं. अध्यक्षांनी पोट आत ओढण्यासाठी श्वास रोखला, तो त्यांना सोडायला सांगेपर्यंत त्यांचा चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा झाला होता. काकांच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गायनबाई डोळे मिटूनच बसल्या आणि उघडायला सांगितले तर म्हणाल्या, "मिटलेलेच चांगले दिसतात." तळमजल्यावर दवाखाना असलेले दातांचे डॉक्टर एवढे हसले की काकांना फोटोत दातांखेरीज काही मावेना. तरीही काकांनी चिकाटीने प्रत्येकाचा एक तरी खरा चेहरा पकडला, नमुन्याच्या प्रती छापून आणल्या आणि स्वतः घरोघर नेऊन दिल्या. लोक आता आभार मानायला येतील म्हणून काकूंना जास्तीचा चहा टाकायला सांगितला.

सगळ्यांत आधी अध्यक्ष आले. त्यांनी चहा घेतला नाही.

"काका, हा मी नाही. हे आमचे वडील आहेत."

"साम्य असतंच."

"वडील या फोटोत आहेत तितके म्हातारे कधी झालेच नाहीत. आणि हे काय?" त्यांनी गळ्यापाशी बोट ठेवलं. "ही दुसरी हनुवटी कुठून आणलीत?"

"मी आणलेली नाही. तुम्ही येतानाच घेऊन आला होतात."

अध्यक्ष गेले आणि डॉक्टर आले. त्यांचं म्हणणं असं की, फलकावर त्यांचेच दात पिवळसर दिसले तर दवाखान्याला कुलूप लावावं लागेल. गायनबाई आल्याच नाहीत. त्यांनी नुसता सकाळचा रियाज काकांच्या पलंगाच्या बरोबर वर आणून ठेवला, आणि त्यातही खालच्या सुरांवर भर दिला. जिन्यात लोक काकांना बघून किल्ल्या शोधायला लागले. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: थोडंसं एडिट करा. हल्ली सगळेच करतात.

"मी करणार नाही," काका घरात येरझारा घालत म्हणाले. "आज एक सुरकुती काढली, उद्या माणूसच काढायला सांगतील."

काकू कपाट आवरत होत्या. त्या मान न वळवता म्हणाल्या, "तुमच्या खात्यात ते काय म्हणायचे? तराजू जरासा इकडेतिकडे असला तरी चालायचा, ते."

"क्षम्य चूक."

"मग चेहऱ्यालाच ती का नाही?"

काका थबकले. तत्त्वात बसणारी पळवाट सापडली की तत्त्वनिष्ठ माणसाला जो आनंद होतो, तो दुसऱ्या कुणाला होत नाही. त्यांनी लगेच नियम तयार केला: जे येतं आणि जातं, ते फोटोतून काढायला हरकत नाही. मुरूम, दाढी करताना कापलेलं, सर्दीचं लाल नाक. पण जे कायमचं आहे ते राहणार. तीळ, व्रण, सुरकुत्या, हनुवट्या. सचिवबाईंना नियम आवडला. त्यांनी तो अंमलात आणायला उपसमिती नेमली, आणि तिथेच त्याचा जीव गेला.

उपसमितीची पहिली बैठक अध्यक्षांच्या हनुवटीवर खर्ची पडली.

"ती तात्पुरती आहे," अध्यक्ष म्हणाले. "मी एक तारखेपासून चालायला जाणार आहे."

"कुठल्या महिन्याच्या?" सचिवबाईंनी विचारलं.

"हा प्रश्न उपसमितीच्या कक्षेत येत नाही."

दुसऱ्या बैठकीत फोटोंचा रंग कसा असावा हा विषय निघाला. डॉक्टरांचं मत कृष्णधवलला, कारण कृष्णधवलमध्ये सगळ्यांचेच दात पांढरे. त्यावर अध्यक्ष म्हणाले, भिंतीवर ओळीने काळेपांढरे फोटो लागले की येणारा-जाणारा हात जोडून पुढे जाईल. कुणी उबदार पिवळसर छटा सुचवली, तर त्यात अख्खी इमारत काविळीने आजारी दिसते, असं डॉक्टरांनी वैद्यकीय मत दिलं. ते दातांचे आहेत, याची कुणीतरी आठवण करून दिली आणि बैठक बारगळली. शेवटी 'नैसर्गिक पण प्रसन्न' असा शब्दप्रयोग इतिवृत्तात लिहिला गेला. त्याचा अर्थ काढायची जबाबदारी काकांवर आली.

त्या दुपारी काकांनी संगणक उघडला. मुलीने फोनवर शिकवलेलं आठवून त्यांनी अध्यक्षांचा फोटो पडद्यावर आणला. बाजूला एक आडवी दांडी होती आणि दांडीवर सरकणारा बारका ठिपका. ठिपका उजवीकडे ढकलला की त्वचा गुळगुळीत होई. काकांनी तो केसभर ढकलला. अध्यक्षांचा चेहरा जरा निवळला. आणखी केसभर ढकलला. वाईट दिसत नव्हता. मग दुसरं एक हत्यार घेऊन त्यांनी हनुवटी हळूच वर लोटली. ती निमूटपणे वर गेली. ज्या हनुवटीने उपसमितीचे दोन तास खाल्ले ती अशी एका बोटाने हलली, याचं काकांना फार नवल वाटलं.

दुकानदार तराजूची दांडी कशी मारतो, हे ज्याने जन्मभर पकडलं, तो माणूस आता बसून दांड्या मारत होता. हे काकांच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण अध्यक्षांना केलं म्हटल्यावर डॉक्टरांना नाही म्हणता येईना. डॉक्टरांचे दात उजळले, तर शेजारच्या फोटोतले दात उगाच मळकट दिसायला लागले, म्हणून तेही उजळले. गायनबाईंना जरासं धूसर तेज दिलं. मग बाकीचे मागे राहिले, त्यांना ओढून पुढे आणलं. कामात हात बसायला लागला तसा काकांना त्यात आनंद व्हायला लागला, आणि आनंद व्हायला लागल्यावर नियम कुठल्या खणात ठेवला होता, ते त्यांना आठवेना.

फलक लागला. त्या संध्याकाळी लिफ्ट रिकामी वर-खाली जात राहिली, कारण सगळे खालीच उभे होते. ताजा रंग दिलेल्या भिंतीसारखे गुळगुळीत चेहरे ओळीने हसत होते. प्रत्येकाचं मत असं पडलं, की आपला फोटो अगदी हुबेहूब आलाय, बाकीच्यांचे मात्र काकांनी जरा जास्तच सुधारलेत. अध्यक्षांनी काकांचा हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही. रियाज पूर्ववत बैठकीच्या खोलीत गेला.

दोनच दिवसांनी महिना बदलला आणि नवा पहारेकरी आला. हा माणूस नेकीचा होता. समोर येणाऱ्या प्रत्येकाला तो फलकाशी ताडून बघे आणि म्हणे, "हे तुम्ही नाही." आधीच्याला नुसती शंका असायची. याच्याकडे पुरावा होता. अध्यक्ष दारात मान उंच करून, गळा ताणून, फलकावरच्या स्वतःसारखे दिसायचा प्रयत्न करत उभे राहायला लागले. कार्यालयातून परतलेली थकलीभागली माणसं दारात येऊन प्रसन्न व्हायला लागली. डॉक्टरांकडे यायचं पार्सल चेहऱ्यांच्या गोंधळात गायनबाईंकडे गेलं. त्यांनी उत्साहाने उघडलं, तर आत प्लास्टरचे सहा जबडे. त्या दिवशी शिकवणी झाली नाही.

कहर केला तो अध्यक्षांच्या थोरल्या बहिणीने. ती परगावाहून भावाकडे आली, फलकासमोर उभी राहिली, नीट बघितलं आणि डॉक्टरांच्या फोटोवर बोट ठेवून पहारेकऱ्याला म्हणाली, "या आमच्या भावाकडे जायचंय." तिला दवाखान्यात नेऊन बसवण्यात आलं. भाऊ भेटेपर्यंत तिची एक दाढ तपासून झाली होती.

या सगळ्यात काकांच्या घरात काहीतरी बिघडलं होतं. काकू बोलत होत्या, पण मोजून. चहा येई, पण तो टेबलावर ठेवण्याचा आवाज होई. काकांनी दोन दिवस दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या शर्टाला इस्त्री झाली, पण कॉलर सोडून. तेव्हा त्यांना विचारावंच लागलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"तरी पण."

काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी ताट बाजूला सारलं. "सगळ्या इमारतीच्या सुरकुत्या काढल्यात तुम्ही. त्या गायनबाईंच्या काढल्यात, सचिवबाईंच्या काढल्यात. माझ्याच फोटोच्या वेळी बरं तुमचं खातं आठवलं? काल लिफ्टमध्ये बायका विचारत होत्या मला, 'काकू, तुमचाच तेवढा करायचा राहिला वाटतं?' मी हात दुखेपर्यंत ते पांढरं फळकूट धरून उभी राहिले ते यासाठी?"

काका खुर्चीत बसले. ही गोष्ट त्यांच्या खरोखरच ध्यानात आली नव्हती. खोटं बोलायचा सराव नसल्यामुळे ते खरं बोलले.

"तुझा फोटो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. अख्खी दुपार बसलो होतो त्याच्यासमोर."

"मग?"

"काढण्यासारखं काही सापडलं नाही."

पारड्याखालचं गव्हाएवढं मेण ज्याच्या नजरेतून सुटायचं नाही, तो माणूस हे सांगत होता.

"चष्मा होता डोळ्यावर?"

"होता."

"कुठला? लांबचा का वाचायचा?"

"वाचायचा."

काकूंनी ताट उचललं आणि नळाखाली भाजी धुवायला घेतली. जेवढी भाजी होती त्या मानाने ती फारच वेळ धुतली गेली.

"हवं तर आत्ता काढतो," काका मागून म्हणाले. "तू दाखव कुठलं काढायचं ते."

दोघं संगणकासमोर बसली. काकू बोट ठेवत गेल्या आणि काका पुसत गेले. डोळ्यांच्या कडेचं काढलं, ओठांच्या बाजूचं काढलं, मानेवरचं काढलं. कपाळ सपाट झालं. काकू खुर्ची मागे सरकवून बघायला लागल्या.

"ही तर माझ्या मावसबहिणीसारखी दिसतेय."

"कुठल्या?"

"जिच्याशी मी बोलत नाही, तिच्यासारखी. परत लावा."

"काय?"

"सगळं. होतं तसं करा."

काकांनी केलं. पडद्यावर काकू परत आल्या. काका सुटल्यासारखे उठायला लागले, तशा काकू म्हणाल्या, "बसा. आता त्यांचंही परत लावा."

"कोणाचं?"

"सगळ्या इमारतीचं. मी एकटीच का म्हणून माझ्या वयाची दिसू?"

लोकांच्या सुरकुत्या काढून घेणं सोपं असतं. त्या परत करायला निघालात तर कुणी दार उघडत नाही. काका पुन्हा घरोघर गेले. या खेपेला काकू बरोबर होत्या. सचिवबाईंनी इतिवृत्तातला 'नैसर्गिक' हा शब्द त्यांना दाखवण्यात आल्यावर मान्यता दिली. शब्द लिहिलेला होता, त्यामुळे त्यांचा नाइलाज होता. डॉक्टर आधीच टेकीला आले होते. एक पेशंट फलकावरच्या फोटोकडे बोट दाखवून "मला हेच दात बसवून द्या," असा हट्ट धरून बसला होता आणि तसे दात जगात कुणी बनवत नव्हतं. अध्यक्ष मात्र अडून राहिले. त्यांनी घासाघीस सुरू केली. निम्मी हनुवटी चालेल, म्हणाले.

"हनुवटी सुटी मिळत नाही," काका म्हणाले.

"अहो, पण बहिणीने ओळखलं नाही तुम्हाला," काकू मऊ आवाजात म्हणाल्या. "सख्ख्या बहिणीने."

अध्यक्षांनी हनुवटी चाचपली. दाढेचं प्रकरण बहिणीने सगळ्या नातेवाइकांना फोनवर सांगितलं होतं. "लावा," ते म्हणाले.

गायनबाईंकडे काका सर्वांत शेवटी गेले. त्यांच्या हातात काकांनी छापून नेलेली खरी प्रत ठेवली. बाईंनी ती उजेडात धरली. आधी त्यांनी तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं, रागाने पाकिटात कोंबून ठेवली होती. आता बराच वेळ बघत राहिल्या.

"मला जन्मभर वाटत आलं, मी आईसारखी दिसते," त्या म्हणाल्या. "मी तर आमच्या आजोबांसारखी आहे. हे कपाळ त्यांचं." थोड्या वेळाने त्यांनी प्रत परत दिली. "लावा हा. पण तो समोरच्या घरातला तबल्याचा मास्तर शेजारी नको."

नवा फलक लागला. या खेपेला गर्दी झाली नाही. लोक जाता-जाता एकटे थांबत, बघत, आणि जरा मान हलवून पुढे जात. पहारेकरी कुणालाच अडवेना. त्याला दुपारी झोप यायला लागली, तशी सचिवबाईंची तक्रारही आली.

फक्त एक चौकट रिकामी होती. काकूंच्या फोटोशेजारची. सगळ्यांचे फोटो काढणाऱ्याचा फोटो काढायचा राहून गेला होता, आणि इतक्या दिवसांत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, काकांच्याही नाही.

"बसा स्टुलावर," काकू म्हणाल्या.

"तुला कॅमेरा कुठे येतो?"

"बसा."

काका बसले. ताठ बसले, खात्याच्या ओळखपत्राच्या फोटोला बसतात तसे. काकूंनी कॅमेरा डोळ्याला लावला, उलटा आहे हे कळल्यावर सुलटा केला, दोन पावलं मागे गेल्या, खुर्चीला अडखळल्या, आणि सावरता-सावरता दटावून म्हणाल्या, "हलू नका. मी हलतेय तेवढं पुरे आहे."

खटका वाजला.

फोटो तिरपा आला. काकांची टाळू फोटोच्या बाहेर राहिली आणि चादरीची एक दोरी आत आली. मधोमध काका होते, तोंड उघडून, डोळे बारीक करून, गदगदून हसत असलेले.

"सरळ तरी करतो," काका म्हणाले. "एका बटणाचं काम आहे."

"हात लावायचा नाही," काकू म्हणाल्या, आणि प्रत स्वतः जाऊन चौकटीत बसवून आल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं बाहेर निघाली, तर अध्यक्ष फलकासमोर मागे हात बांधून उभे होते. त्यांनी काकांकडे बघितलं, मग फोटोकडे, मग पुन्हा काकांकडे. त्यांच्या चेहऱ्यावर फसवलं गेलेल्या माणसाचं दुःख होतं.

"काका, हे काही बरं नाही केलंत," ते म्हणाले. "आमच्या हनुवट्या परत लावल्यात, आणि स्वतःचा मात्र एवढा एडिट केलात. इतकी वर्षं शेजारी राहतोय. तुम्हाला असं हसताना कुणी बघितलंय का?"

काकांनी बोलायला तोंड उघडलं. काकूंनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना दाराबाहेर नेलं.